मोहर्लीतले मंगळवार

मंगळवारी ताडोबाचं जंगल सफारीसाठी बंद असतं. बाकी सहा दिवस मोहर्लीचं फाटक पहाटे उघडतं, जिप्सींची रांग आत जाते, दहाच्या सुमारास बाहेर येते, दुपारी पुन्हा आत जाते आणि अंधार पडायच्या आत परतते. गाइड, चालक, रिसॉर्टांतले आचारी, खोल्या झाडणाऱ्या बाया, फाटकासमोर चहा-समोसे विकणारे, या सगळ्यांना सवड मिळते ती मंगळवारी. म्हणून माझा मोहर्लीतला दवाखानाही मंगळवारीच भरतो. चंद्रपुरातून दुर्गापूर, पद्मापूर, आगरझरी या वाटेने मी येते. एका ओळखीच्या घरची पडवी, दोन खाटा, एक टेबल, वजनकाटा, शिंप्याकडचा टेप आणि सुयांचे डबे एवढंच सामान. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात बंद करून मी परत शहरात नेते. एक सुई एकाच माणसाला, एकदाच.

माझं पहिलं शिक्षण आयुर्वेदाचं. ॲक्युपंक्चर नंतर शिकले. महाराष्ट्रात या पद्धतीसाठी २०१५ साली स्वतंत्र कायदा झाला, त्यामुळे नोंदणी करून उघडपणे काम करता येतं. गावात सुरुवातीला ‘चिनी सुईवाली’ म्हणून माझी ओळख झाली. चीनचं नाव निघालं की म्हातारी माणसं जरा साशंक व्हायची, तेव्हा मी त्यांना आपल्याच माणसांची गोष्ट सांगायची. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला पाच भारतीय डॉक्टर गेले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते आणि आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस १९४२ च्या डिसेंबरात तिकडेच वारले, अवघे बत्तीस वर्षांचे. त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू पुढे १९५८ साली पुन्हा चीनला गेले, सुईची ही विद्या शिकून आले आणि कलकत्त्यात तिचा पाया घातला. कोटणिसांवरचा सिनेमा पाहिलेले एक आजोबा हे ऐकून म्हणाले, “मंग त आपल्याच घरची झाली नं.” त्यांच्या गुडघ्याला मी पहिल्यांदा सुई लावली ती त्या दिवशी.

लोक आले ते दुखरी कंबर घेऊन. मातीचा रस्ता, कडक सीट, सकाळी चार तास आणि दुपारी चार तास. चालकाच्या कमरेला सतत हादरे. गाइड चालकाशेजारी बसतो आणि सारखा मागे वळून पर्यटकांशी बोलतो, तेही एकाच अंगाने, त्यामुळे गाइडांची मान आणि पाठ बहुधा एकाच बाजूने धरलेली असते. सुई लावली की दुखणं उतरायचं आणि पुढच्या आठवड्यात तेच दुखणं घेऊन तोच माणूस परत यायचा. पट्ट्याला नवी भोकं पाडलेली दिसायची. खाटेवर पालथं झोपायला सांगितलं की पोटामुळे श्वास लागायचा. वजनाचा विषय असा कमरेच्या वाटेने आला. तो काढला मी. त्यांच्यापैकी कुणी त्यासाठी आलं नव्हतं.

या चालकांचे वडील गुरं राखायचे, बांबू तोडायचे, मोह वेचायचे, मे महिन्यात तेंदूपत्त्याचे पुडे बांधायचे. अंगावर मांस नसायचं, पण दिवसाकाठी पंधरा-वीस किलोमीटर पाय चालायचे. एका पिढीत ते सगळं बसून करायच्या कामात आलं. पैसा आला, पोरं शाळेत गेली, घरं पक्की झाली. हे चांगलंच झालं आणि त्याबद्दल हळहळणाऱ्या शहरी लोकांशी मी वाद घालते. पण शरीर जुन्याच हिशोबाने चाललं आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपला माणूस काट्यावर बेताचा दिसतो आणि आतून पोटाभोवती चरबी बाळगून असतो. कमी वजनाची बाळं जिथे पिढ्यान् पिढ्या जन्मली, त्या आमच्या भागात तर हे लक्षात ठेवायलाच हवं. म्हणून मी काट्याआधी टेप काढते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या पुढे, बाईची ८० च्या पुढे गेली की साखर आणि रक्तदाब तपासायला पाठवते. काट्यावर ६४ किलो भरणारा एक गाइड होता. कंबर ९६. साखर तपासली तर मधुमेह निघाला. त्याला आपण जाड आहोत असं कधी वाटलंच नव्हतं आणि दिसायलाही तो जाड नव्हता.

आता वजन कमी करायचं तर जगातला कुठलाही डॉक्टर सांगतो तेच मीही सांगितलं, सकाळी अर्धा-पाऊण तास चाला. समोर बसलेला चालक माझ्याकडे बघत राहिला.

“मॅडम, सकाळी चालाले जाऊ मी? आन् वाघ भेटला त?”

मग त्याने सांगितलं की गेल्याच आठवड्यात आगरझरीच्या रस्त्यावर पहाटे बिबट बसलेला होता. “गाडीत बसून वाघ पाहाले लोक पैसे देतेत. पायी कोन पाहीन?”

मोहर्लीत पहाटेचं आणि तिन्हीसांजेचं चालणं हा जिवाशी खेळ आहे. चंद्रपूर जिल्ह्यात दर वर्षी माणसं वाघाच्या तोंडी जातात, त्यांत पहाटे वाकून मोह वेचणारे आणि तेंदूपत्ता तोडणारे बरेच असतात. उन्हं वर आल्यावर चालावं, तर सफारीची वेळ. दुपारी चालावं, तर मे महिन्यात पारा ४६-४७ वर. शहरातल्या माणसासाठी फुकट असलेला व्यायाम इथे सगळ्यांत महाग. आरोग्याचे सल्ले जिथे छापले जातात तिथे फुटपाथ असतो, बाग असते, दिवे असतात. जंगलाच्या कडेच्या गावाचा विचार त्यात नसतो.

इथे मला चीनकडून खरी मदत झाली आणि ती सुईची नव्हती. ॲक्युपंक्चर शिकताना आम्हाला बादुआनजिन नावाचा एक जुना व्यायाम शिकवला होता. सोंग राजवटीच्या काळापासून चालत आलेल्या आठ हालचाली, उभ्या जागी, संथ, श्वासाबरोबर. दोन्ही हात आभाळाकडे लोटायचे. धनुष्य ओढायचं. एक हात वर, एक खाली. मान वळवून मागे बघायचं. कमरेतून वाकायचं, गोल फिरायचं, मुठी आवळायच्या, टाचा उचलून आपटायच्या. तेव्हा तो मला जोडविषय वाटला होता. मोहर्लीत तो मुख्य विषय झाला, कारण त्याला अंगण पुरतं. पडवीत होतो, पाऊस असला तर घरात होतो, रात्री दार लावूनही होतो. दुखऱ्या कमरेला सोसतो. पाय गुडघ्यात वाकवून अर्धवट बसल्यासारखं उभं राहिलं की मांड्या थरथरतात आणि घाम येतो.

गाइडांनी त्या हालचालींना आपली नावं दिली. मान वळवून मागे बघण्याला ते ‘कॉल आला’ म्हणतात. चितळाचा किंवा वानराचा धोक्याचा आवाज आला की गाइड जसा झटकन वळतो, तसं. फरक एवढाच की इथे वळायचं हळू आणि दोन्ही बाजूंना, म्हणजे वर्षानुवर्षं एकाच अंगाने वळलेल्या मानेचं ते औषधच. धनुष्याला ‘बाण’. टाचा आपटण्याला बायांनी ‘कांडण’ म्हटलं. आठही हालचाली दोनदा केल्या, मध्ये खुर्चीवरून उठबस आणि भिंतीला टेकून जोर घातले की वीस-पंचवीस मिनिटं होतात. फक्त बादुआनजिनने वजन फार उतरत नाही, म्हणून ही उठबस मी मुद्दाम घातली. आणि चालायचं ते फेरी नसेल तेव्हा, चारपाच जणांनी मिळून, उन्हं वर आल्यावर, गावातल्या घरांमधल्या रस्त्यावर. शाळेच्या मैदानाला फेऱ्या. कंटाळवाणं आहे, पण घरी परत येणारं आहे.

सुईबद्दल आता सरळ लिहिते, कारण याच प्रश्नावर माझ्या व्यवसायात सर्वांत जास्त खोटं बोललं जातं. सुई चरबी जाळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली ॲक्युपंक्चरच्या चाचण्यांचा आढावा छापला, त्यात लठ्ठपणा ‘परिणाम दिसतो पण आणखी पुरावा हवा’ अशा गटात ठेवला होता. त्यानंतर चाचण्या पुष्कळ झाल्या. बऱ्याचशा लहान, थोड्या आठवड्यांच्या. आहार-व्यायामाच्या जोडीला सुई असली तर थोडं जास्त वजन उतरतं असं काहींत दिसतं, पण नकली सुईशी तुलना केली की तो फरक आकसतो. महिन्यात दहा किलोची हमी देणाऱ्या पाट्या शहरात मी बघते तेव्हा मला राग येतो. हमी देणारा माणूस बहुतेक वेळा सुईबरोबर उपासमारीचा तक्ता हातात ठेवतो, वजन तक्त्याने उतरतं आणि नाव सुईचं होतं. तक्ता सुटला की वजन परत येतं आणि तेव्हा दोष रोग्याचा.

मग मी सुई का लावते? दुखणं कमी होतं म्हणून. कंबर मोकळी झालेला माणूस उठबस करतो, न झालेला करत नाही. झोप सुधारते असं पुष्कळ रोगी सांगतात. आणि सुईमुळे माणूस दर मंगळवारी येतो. नुसतं ‘कमी खा’ ऐकायला कुणी परत येत नाही. सुई लागलेली असताना माणूस पंचवीस मिनिटं शांत पडून असतो. गुडघ्याखाली चार बोटांवरचा बिंदू, नाभीच्या दोन बाजूंचे बिंदू, घोट्याच्या वरचा एक. त्या पंचवीस मिनिटांत मी शेजारी स्टूल घेऊन बसते आणि काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय पोटात गेलं ते एकेक विचारते. माझ्या कामातला सर्वांत मोलाचा वेळ तोच.

चिनी वैद्यक जाड माणसाकडे बघतं ते पचनाच्या अशक्तपणातून साठलेल्या ओलीच्या आणि कफाच्या नजरेने. काहींच्या बाबतीत जठरातल्या जादा उष्णतेच्या नजरेने. हे वाचताना मला चरक आठवायचे. अतिस्थूल माणसाचा वायू कोठ्यात अडकून अग्नी पेटवत राहतो, म्हणून त्याला पचतंही लवकर आणि भूकही सारखी लागते, असं वर्णन त्यांनी केलं आहे. दोन दूरच्या परंपरा एकाच रोग्याजवळ बसून बोलतायत असं वाटतं. मोहर्लीत मला दोन्ही प्रकारचे लोक भेटतात. दर दोन तासांनी काहीतरी तोंडात टाकल्याशिवाय न राहवणारा चालक आणि दिवसभर “मले भूकच नाई” म्हणत स्वयंपाकघरात चव बघत, उरलंसुरलं संपवत फुगत गेलेली रिसॉर्टची आचारीणबाई. दोघांना एकच तक्ता देणं चुकीचं ठरतं, हे मला या जुन्या ग्रंथांनी शिकवलं. चरबी कशाने साठते याचं त्यांचं स्पष्टीकरण मी रोग्यांना शास्त्र म्हणून सांगत नाही. माणसाकडे बघायची त्यांची रीत मात्र मी घेते.

त्या काल-काय-खाल्लं मधून सगळ्यांत आधी बाहेर आला चहा. पहाटे फाटकावर एक, बिस्किटांसह. दहाला बाहेर आल्यावर एक, समोसा किंवा भजी आणि तर्रीबरोबर. दुपारी निघायच्या आधी, परतल्यावर, मालक भेटला की, पाहुणा आला की. सहा कप, कपाला दोन चमचे साखर. म्हणजे दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम, तीही फक्त चहातून. मोठ्या माणसाने वरून घेतलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत आणि जमल्यास २५ च्या आसपास ठेवावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चहा बंद करा म्हटलं असतं तर दवाखानाच बंद झाला असता, कारण फाटकावरचा चहा हा इथल्या लोकांचा बसून बोलायचा वेळ आहे. म्हणून दोन चमच्यांचा दीड, मग एक, मग अर्धा, असं महिन्यामहिन्याने उतरवलं. चहावाल्यांनाच त्यात ओढलं. एकाने बिनसाखरेची वेगळी किटली ठेवली, ज्याला हवी त्याने वरून घालावी. माझ्या सगळ्या सुयांपेक्षा त्या किटलीने जास्त कंबरा उतरवल्या असतील.

दुसरी गोष्ट रात्रीच्या जेवणाची. संध्याकाळी परतल्यावर गाडी धुवायची, मालकाला हिशोब द्यायचा, घरी येऊन नऊ-साडेनऊला ताटभर भात आणि पहाटे चारला उठायचं. झोप पाच-साडेपाच तास. झोप कमी पडली की भूक वाढवणारं संप्रेरक चढतं आणि पोट भरल्याची खबर देणारं उतरतं, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. दहा वाजता समोशाकडे हात जातो तो या झोपेमुळेही जातो. मी जेवण साडेसातला आणायला सांगितलं. जमलं काहींना. ज्यांच्या घरी बाईही रिसॉर्टात कामाला होती त्यांना जमलं नाही, कारण तीच आठला घरी यायची. मग नवऱ्याने भात लावायचा, असा ठराव आम्ही पडवीत केला. दोन घरांत तो अजून पाळला जातो.

ताटातला भात मी काढला नाही. आमच्या या धानाच्या मुलखात, झाडीपट्टीत, भात काढणं म्हणजे जेवण काढणं. वाटीने मोजायला सांगितला, वरण घट्ट करायला सांगितलं, बाजूला भाजीचा ढीग. भाजी कुठून आणायची हा प्रश्न पावसाळ्यात तरी नसतो. तरोटा म्हणजे टाकळा, बांबूचे वास्ते म्हणजे कोवळे कोंब, सात्या म्हणजे अळंबी, जोडीला जवळच्या धरणातली मासोळी. म्हाताऱ्या बायांना या भाज्यांची नावं आणि जागा पाठ आहेत. रिसॉर्टच्या कँटीनमधल्या पनीरपुढे पोरांना त्यांची लाज वाटू लागली होती.

तरोट्यावरून एक प्रसंग सांगते. रिसॉर्टात काम करणाऱ्या एका मुलीने मोबाइलवरून वजन उतरवणारा चिनी चहा मागवला होता, चांगला महागाचा. पाकीट घेऊन ती मला विचारायला आली. आम्ही ते टेबलावर ओतलं. शेजारी सुईला बसलेली म्हातारी पुढे वाकली, चारपाच दाणे चिमटीत धरून तिने उन्हात पाहिले आणि म्हणाली, “हा त तरोटा होय वो!” तिचं बरोबर होतं. तरोट्याचं बी चिनी औषधांत जुएमिंगझी नावाने जातं, जपानी औषधांतही आहे. आमच्याकडे हिवाळ्यात शेंगा वाळल्या की बाया ते बी झोडून व्यापाऱ्याला किलोवर विकतात. त्या चहात हे बी घालायचं कारण साधं आहे. त्याने पोट साफ होतं. दोन दिवस जुलाब झाले की काट्यावर किलोभर उतरतं. ते पाणी असतं, चरबी नव्हे, आणि चंद्रपूरच्या उन्हात अंगातलं पाणी घालवणं धोक्याचं. ती मुलगी हिरमुसली. म्हातारी मात्र आठवडाभर सगळ्यांना सांगत होती की चिनी लोक आपला तरोटा पितात.

पाकिटातल्या औषधांबद्दल मी कडक आहे आणि त्याला कारण आहे. १९९० च्या सुमारास ब्रसेल्सच्या एका वजन उतरवणाऱ्या दवाखान्यात बायांना चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या गेल्या. त्यात एका वनस्पतीच्या जागी नावाच्या सारखेपणातून दुसरीच, ॲरिस्टोलोकिया कुळातली, पडली होती. शंभरच्या वर बायांची मूत्रपिंडं खराब झाली, कित्येकींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. त्याच कुळातली सापसंद आपल्या जंगलात आहे. सापाच्या विषावर म्हणून तिचं मूळ लोक घरात ठेवतात. मी ते दिसलं की पोटात घेऊ नका म्हणून बजावते आणि साप चावला तर थेट सरकारी दवाखाना. दुसरं औषध माहुआंग, म्हणजे इफेड्रा. त्याने भूक मरते आणि हृदयाचा ठोका वाढतो. अमेरिकेत त्याच्या गोळ्या खाणारे काही तरुण मेले, तेव्हा २००४ साली तिथे त्या पूरक गोळ्यांवर बंदी आली. ‘झाडपाल्याचं आहे, अपाय नाही’ हे वाक्य जंगलातल्या माणसाने तरी बोलू नये. विषारी झाड कोणतं ते त्याच्याइतकं कुणाला माहीत असतं?

दिवसातून दोनदाच जेवायचं, ही नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघर पोचवलेली पद्धत इथेही आली. जिप्सीच्या वेळापत्रकात ती बरी बसते. दहाला एकदा, संध्याकाळी सातला एकदा. मधले चहा-समोसे आपोआप गळतात. मी तिला विरोध करत नाही. पण एका चालकाने मधुमेहाच्या गोळ्या पूर्वीच्याच ठेवून, कुणाला न विचारता ती सुरू केली. सकाळच्या फेरीत जंगलाच्या मधोमध त्याला दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. आत गाडीतून उतरायला परवानगी नसते. मागे सहा पर्यटक. गाइडने ओळखलं, एका पर्यटकाकडचा सरबताचा डबा त्याच्या तोंडाला लावला. पाचदहा मिनिटांत तो सावरला. तेव्हापासून मी कुणाचंही जेवण कमी करण्याआधी त्याच्या गोळ्यांची पुडी बघते आणि गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिते. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं कार्डही विचारते. आमच्या भागात हा आजार घरोघर आहे आणि त्या रोग्याने उपाशी-तहानलेलं राहणं म्हणजे हाडं फोडणाऱ्या वेदनेला बोलावणं.

खर्ऱ्याचा उल्लेख टाळता येणार नाही. तंबाखू-सुपारी-चुन्याचा तो घोटलेला खर्रा भूक दाबतो. पुष्कळ चालक सकाळच्या फेरीत त्यावरच राहतात. खर्रा सोडला की तोंडाला चव येते, भूक फुटते आणि दोन-चार किलो वजन वाढतं. “सोडला त पोट सुटलं, मॅडम” असं म्हणून माणूस परत खर्ऱ्याकडे वळतो. अशा वेळी मी वजनाचा विषय काही महिने बाजूला ठेवते. खर्ऱ्याने जबड्याला जे होतं त्यापुढे दोन किलो काहीच नाहीत. कानावर दाबबिंदूंचे दाणे लावते. वक्कारिया नावाच्या झाडाचं बारीक बी चिकटपट्टीखाली कानाच्या पाळीवर बसवायचं आणि तल्लफ आली की बोटाने दाबत हळू श्वास घ्यायचा. न्यूयॉर्कच्या लिंकन रुग्णालयात १९७० च्या दशकात व्यसनी माणसांच्या कानांना सुया लावायला सुरुवात झाली, तिथूनही ही रीत जगभर पसरली. व्यसन सुटतं याचा पुरावा पक्का नाही. पण तल्लफ येणं आणि हात खिशात जाणं या दोहोंमध्ये त्या दाण्यामुळे थोडी फट पडते. खाण्यासाठीही तेच. समोशाच्या आधी कान दाबायचा आणि शंभरपर्यंत मोजायचं. काही जण शंभर मोजूनही समोसा खातात. काही जण एकच खातात.

चीनकडून आलेली एक गोष्ट मी दवाखान्याच्या भिंतीवर लावली आहे आणि तिच्यात सुई नाही की जडीबुटी नाही. दाचिंग हे उत्तर चीनमधलं तेलविहिरींचं शहर. तिथल्या ३३ दवाखान्यांत १९८६ पासून सहा वर्षं, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५७७ जणांना आहार, व्यायाम किंवा दोन्ही शिकवलं गेलं. मधुमेह होण्याचं प्रमाण आहाराने ३१ टक्के, व्यायामाने ४६ टक्के आणि दोन्हींनी ४२ टक्के घटलं. तीस वर्षांनी पाहिलं तेव्हाही ही माणसं इतरांपेक्षा जास्त जगत होती. जाड असलेल्यांना तिथे महिन्याला अर्धा ते एक किलो उतरवायला सांगितलं होतं. एवढंच. मोहर्लीत मी त्यातला हळू वेग धरते. वर्षाला पाच-सहा किलो. तेलविहिरीवरचे कामगार आणि चंद्रपूरच्या कोळसाखाणी-वीज केंद्राच्या शेजारचे आपण, आपल्यात फार अंतर नाही असं मी सांगते आणि ते लोकांना पटतं.

जुलै ते सप्टेंबर जंगलाचा गाभा, म्हणजे कोअर, बंद असतो आणि बरेच चालक-गाइड आपल्या नाहीतर सोयऱ्यांच्या धानाच्या बांधीत रोवणीला उतरतात. दिवसभर चिखलात वाकून. तेव्हा कंबरा आपोआप उतरतात, तरोटा ताटात असतो, रात्री आठला गाव झोपतं. ऑक्टोबरात हंगाम उघडला की चढत जातात. म्हणून वर्षाचा खरा कस लागतो तो दिवाळीपासून मेपर्यंत. त्या काळात वजन जागच्या जागी राहिलं तरी मी त्याला यश म्हणते. सगळ्यांचं राहत नाही. मन लावून बादुआनजिन करणाऱ्या, चहा सोडलेल्या एका गाइडबाईचं वजन दोन वर्षांत हललं नाही. तिची साखर मात्र खाली आली आणि ती आता जिन्यावर धापा टाकत नाही. काट्याकडे बघून ती रडली होती. मी तिला टेप दाखवला. कंबर सहा सेंटिमीटरने उतरली होती.

एका मंगळवारी खाट रिकामी व्हायची वाट बघत एक तरुण बाई बसली होती. मजुरीला जाणारी, दोन लहान पोरं, हाताची हाडं दिसणारी. जाड माणसांना कानाचे दाणे लावल्याने भूक कमी होते असं तिने ऐकलं होतं. “मले बी लावा ते दाने. भूक लय लागते कामावर.” तिला वजन उतरवायचं नव्हतं. दुपारपर्यंत भूक लागू नये एवढंच हवं होतं, कारण डब्यातलं पोरांना ठेवून यावं लागायचं. पडवीत त्या वेळी चौघे पोट कमी करायला आलेले होते, सगळे गप्प झाले.

मी तिला दाणे लावले नाहीत. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, पांढरीफट. गावातल्या आशा कार्यकर्तीला बोलावून रक्त तपासायला पाठवलं, हिमोग्लोबिन सात निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, सिकलसेलची तपासणीही झाली, तो आजार नव्हता. तेव्हापासून माझ्या वहीत पहिला प्रश्न बदलला आहे. किती वजन उतरवायचं ते नंतर. आधी विचारते, घरात शेवटी कोण जेवतं आणि तिच्यापर्यंत किती उरतं. ज्या घरात नवऱ्याची कंबर शंभर आणि बायकोचं हिमोग्लोबिन आठ, अशा घराला मी एकच कागद देते, दोघांच्या ताटांचा. त्याच्या भाताची एक वाटी आणि एक समोसा कमी, त्या पैशांत तिच्यासाठी रोज मूठभर शेंगदाणे, जवसाची चटणी, आठवड्यातून दोनदा अंडी. ती बाई अजून येते. मागच्या रांगेत उभी राहून ‘कॉल आला’ करते आणि मला विचारते, वजन वाढवायला कोणता बिंदू दाबायचा. मी सांगते की त्यासाठी बिंदू नाही, अंडी आहेत, आणि या महिन्यात किती खाल्लीस ते आधी सांग.